भूल व शस्त्रक्रिया : रुग्णाच्या अनुभवाचे शास्त्रीय विवेचन

१. विषयप्रवेश

शस्त्रक्रियेसंबंधीचे शास्त्रीय वाङ्मय बहुतांशी शस्त्रवैद्याच्या दृष्टीने लिहिलेले असते. रोग कोणता, छेद कोठे घ्यावयाचा, कोणता अवयव काढावयाचा वा सांधावयाचा, यांचे विवेचन त्यात विपुल आढळते. परंतु ज्याच्या शरीरावर हे सर्व घडावयाचे, त्याला त्या वेळी काय जाणवेल, काय जाणवणार नाही, आणि जे जाणवेल त्यांपैकी स्वाभाविक कोणते व चिंताजनक कोणते, हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहतो. रुग्ण मग शेजारीपाजारी व नातलग यांच्या सांगोवांगीवर विसंबतो. त्यातून निर्माण होणारी भीती केवळ मानसिक क्लेशाची बाब नसते. तिच्यामुळे रुग्ण महत्त्वाची माहिती दडवितो, शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतो, आणि प्रसंगी प्राणास मुकतो. म्हणून हा विषय दुय्यम मानून चालणार नाही.

प्रथम शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. शास्त्रीय परिभाषेत 'संवेदनाहरण' व 'बधिरीकरण' हे शब्द रूढ असले तरी लोकव्यवहारात 'भूल' हाच शब्द चालतो, आणि तो अधिक अर्थवाही आहे. विस्मरण, मोह, भ्रम आणि चूक अशा अनेक छटा या एका शब्दात एकवटल्या आहेत. संपूर्ण भुलीत केवळ वेदना नाहीशी होते असे नाही. शुद्ध हरपते, त्या कालखंडाची स्मृती उमटत नाही आणि आवश्यकतेनुसार स्नायूही शिथिल केले जातात. 'बधिरीकरण' या शब्दाने यांपैकी एकाच अंगाचा बोध होतो. 'भूल' या शब्दात विस्मरणाचाही अंतर्भाव होतो. मात्र याच शब्दाने एक गैरसमजही पोसला आहे. भूल म्हणजे गाढ झोप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः झोपलेल्या मनुष्यास टाचणी टोचली तर तो जागा होतो. घशात लाळ उतरली तर तो ती गिळतो किंवा खोकतो. संपूर्ण भुलीत ही राखणदारीच काही काळ थांबते. गिळणे, खोकणे, कुशीस वळणे, आणि बहुधा श्वास घेणेदेखील, रुग्णाकडून काढून दुसऱ्या व्यक्तीच्या हवाली केलेले असते. ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी विचारले जाणारे प्रश्न, पाळावयास सांगितलेले निर्बंध व मागाहून घेतली जाणारी दक्षता यांची संगती आपोआप लागते.

२. ससून रुग्णालयातील १९२४ ची शस्त्रक्रिया

महाराष्ट्रात झालेल्या शस्त्रक्रियांपैकी रुग्णाच्या बाजूने सर्वाधिक नोंदली गेलेली शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री झाली. रुग्ण होते महात्मा गांधी. मार्च १९२२ मध्ये झालेली सहा वर्षांची शिक्षा ते येरवड्याच्या तुरुंगात भोगीत असता त्यांना आंत्रपुच्छाचा, म्हणजे ज्यास सामान्यतः अपेंडिक्स म्हणतात त्याचा, दाह झाला. त्यांना ससूनमध्ये हलविण्यात आले. मुंबईच्या त्यांच्या परिचयाच्या डॉक्टरांना पाचारण करण्याचा विचार झाला. परंतु विलंब धोक्याचा होता. शस्त्रवैद्य कर्नल मॅडॉक हे शासकीय सेवेतील इंग्रज अधिकारी, आणि रुग्ण त्याच शासनाचा बंदी, असा हा विलक्षण योग होता.

या प्रसंगी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले. त्यांच्या साक्षीने एक निवेदन तयार झाले. शस्त्रक्रियेस आपली संमती असून कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, अशा आशयाच्या त्या निवेदनावर गांधींनी स्वाक्षरी केली. त्यांचा हात थरथरत होता, आणि त्याचा उल्लेख त्यांनी स्वतःच शस्त्रवैद्यापाशी विनोदाने केला. पुढे शस्त्रक्रिया चालू असताना वादळामुळे वीज गेली; परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली; अखेर कंदिलाच्या उजेडात काम पुरे करण्यात आले. रुग्ण बरा झाला आणि ५ फेब्रुवारी १९२४ रोजी त्याची बिनशर्त मुक्तता झाली. ज्या दालनात ही शस्त्रक्रिया झाली ते ससूनमध्ये स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे.

या घटनेचे राजकीय महत्त्व सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील दोन गोष्टी लक्षणीय ठरतात. पहिली अशी की, रुग्ण व शस्त्रवैद्य यांच्यामध्ये अविश्वासाला सर्व कारणे विद्यमान असताना, आजार काय व उपाय काय हे रुग्णास ठाऊक असल्यामुळे संमती खरीखुरी झाली. दुसरी अशी की, वीज जाण्याच्या त्या क्षणी रुग्णाच्या हाती काहीच नव्हते. त्याने आपला वाटा आधीच उचललेला होता. उरलेला वाटा सर्वस्वी इतरांचा होता. भुलीच्या प्रत्येक प्रसंगात, मग तो कितीही किरकोळ असो, ही विभागणी अशीच असते. रुग्णाचे कर्तव्य भूल चढण्यापूर्वी संपते. म्हणून ते तेव्हाच पुरेपूर पार पडले पाहिजे.

३. भुलीची वाटचाल

भुलीचे मोल कळण्यासाठी भूल नसलेल्या काळाकडे एकवार पाहावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यानजीक एका कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेचा पदर वळवून पुन्हा घडविले. इंग्रजांच्या सैन्याबरोबर असताना टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात छाटला होता. या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि युरोपातील शस्त्रवैद्यकास त्याने नवी दिशा दिली. हस्तकौशल्य तेव्हाही उच्च कोटीचे होते. रुग्णाला मात्र ते जागेपणी सोसावे लागत होते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन याने ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्सन याने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. क्लोरोफॉर्मचा वास गोड, परिणाम जलद, आणि ईथरप्रमाणे त्याचे बाष्प पेट घेत नाही. दिव्याकंदिलाच्या उजेडात काम करावे लागणाऱ्या रुग्णालयांत हा गुण मोलाचा ठरला आणि हिंदुस्थानात त्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. तथापि जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडमध्ये एक पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच दगावली. मृत्यूचे कारण श्वास थांबणे की हृदय थांबणे, हा वाद पुढे अनेक दशके चालला. निजामाच्या आश्रयाने हैदराबाद येथे १८८८ व १८८९ मध्ये त्यासाठी दोन आयोग नेमण्यात आले. त्यांनी श्वासावर लक्ष ठेवण्याचा आग्रह धरला. परंतु हृदयाचे ठोके विस्कळीत होऊनही मृत्यू ओढवतो, हे लेव्ही याने १९११ मध्ये प्रयोगाने दाखविले. आज क्लोरोफॉर्म भुलीसाठी वापरले जात नाही. वादाचा लाभ मात्र टिकला. श्वास आणि नाडी या दोहोंवर अखंड नजर ठेवणे हा भूलशास्त्राचा पाया ठरला, आणि भूल देणे हे शस्त्रवैद्याच्या मदतनिसाचे काम न राहता स्वतंत्र तज्ज्ञाचे काम झाले.

४. भुलीचे प्रकार

भुलीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. जखम शिवणे, गाठ काढणे, दात उपटणे अशा कामी तेवढाच भाग बधिर केला जातो. ही स्थानिक भूल होय. हाताचा वा पायाचा संपूर्ण भाग, किंवा कमरेखालील सर्व शरीर बधिर करावयाचे असल्यास मज्जातंतूंच्या मार्गावर औषध टोचतात; ही प्रादेशिक भूल होय. मणक्यातून दिली जाणारी भूल हा तिचाच एक प्रकार असून त्याचा आरंभ जर्मनीतील बीअर याने १८९८ मध्ये केला. तिसरी संपूर्ण भूल. तीत शुद्धच हरपते. यांखेरीज गुंगीचे औषध देऊन रुग्णास शांत, परंतु हाकेस ओ देईल अशा स्थितीत ठेवता येते.

कोणता प्रकार निवडावा हे शस्त्रक्रियेचे स्थान, तिचा कालावधी आणि रुग्णाची प्रकृती यांवर अवलंबून असते. 'लहान' भूल सुरक्षित व 'मोठी' भूल धोक्याची, ही समजूत सरसकट खरी नाही. मणक्यातील भुलीने रक्तदाब उतरू शकतो. त्यामुळे हृदयाच्या काही विकारांत संपूर्ण भूलच अधिक इष्ट ठरते. उलट दम्याच्या वा जुनाट खोकल्याच्या रुग्णास शक्य असेल तेथे कमरेखालील भूल हितावह होते. रुग्णाने आपली पसंती अवश्य सांगावी. मात्र तिच्यामागील कारणही सांगावे.

५. शस्त्रक्रियेपूर्वी

भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास तपासतो. तोंड किती उघडते, मान किती मागे वळते, दात हलतात काय, कवळी आहे काय, हे तो पाहतो. कारण श्वासनलिकेत नळी घालताना याच गोष्टींची गाठ पडते. पूर्वी कधी भूल घेतली होती काय, कुटुंबात कोणास भुलीचा त्रास झाला होता काय, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठते वा धाप लागते, नित्याची औषधे कोणती, असे प्रश्न विचारले जातात. रक्तदाबाच्या गोळ्या पुष्कळदा चालू ठेवतात, मधुमेहाच्या गोळ्या त्या सकाळी सामान्यतः वगळतात, रक्त पातळ करणारी औषधे कधी काही दिवस आधी थांबवितात. परंतु हा निर्णय रुग्णाने स्वतः घ्यावयाचा नसतो. वैदूकडील चूर्ण, काढा वा पुड्याही औषधांतच मोडतात, आणि त्या न सांगण्याकडे रुग्णांचा कल अधिक असतो. तंबाखू, मिश्री, विडी व दारू यांची गोष्टही तशीच. हे प्रश्न नीतीचे नसून शरीरधर्माचे आहेत. विडी एक दिवस जरी बंद ठेवली तरी रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरतो व प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची क्षमता सुधारते. फुफ्फुसांतील कफ कमी होण्यास मात्र काही आठवडे लागतात.

सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा निर्बंध म्हणजे उपाशी राहण्याचा. नेहमीच्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलके अन्न सहा तास, तेलकट वा जड अन्न आठ तास, अंगावरचे दूध चार तास आणि निव्वळ पाणी दोन तास वर्ज्य मानतात. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही; तो अन्नात मोडतो. यामागील कारण वर सांगितलेल्या राखणदारीत आहे. भूल चढताच घशाची दारे सैल पडतात. जठरात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरते, आणि जठराच्या आम्लाने फुफ्फुसे होरपळतात. रुग्ण शुद्धीवर असता तर खोकला असता. भुलीत तो खोकत नाही.

हा नियम कागदावर सोपा, आचरणात मात्र परिस्थितीशी झगडणारा आहे. मावळातील कुरवंडे या गावाचे उदाहरण घेता येईल. लोणावळ्याच्या पलीकडे, नागफणीच्या सुळक्याच्या परिसरात, घाटमाथ्यावर वसलेल्या या गावातील रुग्णास पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात सकाळी हजर व्हावयाचे असेल, तर पहाटे घर सोडून लोणावळा गाठावे लागते आणि तेथून आगगाडीने सुमारे ६४ किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. पावसाळ्यात त्या पठारावरचा पाऊस व धुके यांमुळे हा प्रवास आणखी लांबतो. उपाशी पोटी माणसाला घराबाहेर काढू नये, ही घरातील वडीलधाऱ्यांची माया. आणि स्थानकावरचा चहा तर प्रवासाचा भागच. अशा रुग्णास केवळ 'उपाशी या' एवढे सांगणे अपुरे होय. रात्रीचे जेवण किती वाजता संपवावे, पहाटे पाणी किती वाजेपर्यंत चालेल, चहा का चालत नाही, हे कारणासह सांगितले तरच नियम पाळला जातो. आणि चुकून चहा घेतलाच गेला, तर तो सांगण्यात कमीपणा नाही, हेही आधीच सांगावयास हवे. सांगितल्याने फार तर शस्त्रक्रिया काही तास वा एक दिवस पुढे जाते. दडविल्याने जिवावर बेतू शकते. गाडीभाडे व मजुरी बुडण्याच्या धास्तीने दिले जाणारे 'काही घेतले नाही' हे उत्तर भूलतज्ज्ञाला सर्वांत मोठ्या संकटात टाकणारे असते. शस्त्रक्रिया तातडीची असेल आणि पोट भरलेले असेल, तर भूलतज्ज्ञ वेगळी पद्धत वापरून धोका कमी करू शकतो. परंतु त्यासाठी त्याला ते ठाऊक असावे लागते.

६. शस्त्रक्रियागृहात

शस्त्रक्रियागृहात शिरताच प्रथम जाणवते ती थंडी. नंतर तेच तेच प्रश्न : नाव काय, कोणती शस्त्रक्रिया, कोणती बाजू, कशाची ॲलर्जी. चार माणसांनी एकच प्रश्न विचारला की रुग्णास शंका येते की यांना काही ठाऊकच नाही. वस्तुस्थिती उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-सूची प्रसृत केली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर, आणि गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले. तेव्हा पुनःपुन्हा होणारी विचारणा हा निष्काळजीपणा नसून दक्षता होय.

छातीवर हृदयालेखासाठी चकत्या चिकटवितात, दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधतात, आणि बोटाला चिमटा लावतात. हा चिमटा बोटातून जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजतो. त्याचे तत्त्व जपानमधील आओयागी यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडले. यंत्राचा टिकटिक नाद हा रुग्णाच्या स्वतःच्या नाडीचा असतो, आणि प्राणवायू उतरू लागला की त्याचा स्वर खाली येतो. त्यामुळे पाठ फिरलेली असतानाही भूलतज्ज्ञाचे कान जागे राहतात.

संपूर्ण भुलीत हाताच्या शिरेतून औषध दिले जाते. प्रोपोफॉल हे पांढरे दुधाळ औषध शिरेत जाताना काही क्षण चुणचुणते वा जळजळते. ते अपेक्षितच असते. अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध हरपते. पुढचे काही रुग्णास कळत नाही : स्नायू शिथिल करणे, श्वासनलिकेत नळी बसविणे, यंत्राने श्वास देणे, आणि काम संपताच औषधांचा परिणाम उतरवून नळी काढणे. रुग्णाच्या दृष्टीने डोळे मिटणे व उघडणे यांमध्ये काळच गेलेला नसतो. झोपेतून उठताना काही वेळ लोटल्याची जाणीव असते. येथे तीही नसते.

मणक्यातील भुलीत रुग्णास बसवून किंवा कुशीवर निजवून पाठीची कमान करावयास सांगतात. पृष्ठरज्जू प्रौढांत कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, म्हणून ती पृष्ठरज्जूस लागत नाही. पायांत प्रथम ऊब येते, मग ते जड होतात, नंतर आपले नाहीतच असे वाटू लागते. स्पर्श, ओढ व दाब यांची अंधुक जाणीव राहू शकते. वेदना राहता कामा नये. हा भेद रुग्णास आधी सांगितला नाही, तर हात लागल्याचे जाणवताच भूल लागलीच नाही असे समजून तो घाबरतो. उलट खरोखर दुखत असेल तर संकोच न करता सांगावे. मळमळ वा चक्कर आल्यास तेही सांगावे. रक्तदाब उतरल्याचे ते चिन्ह असते आणि त्यावर तत्काळ उपाय करता येतो.

७. काही सामान्य शस्त्रक्रिया

आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया आज बहुधा दुर्बिणीतून करतात. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रियाही तशीच. पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून आत कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे अवयव मोकळे दिसतात. शस्त्रक्रिया पोटाची असून दुसऱ्या दिवशी दुखतो तो खांदा, याचे रुग्णास नवल वाटते. उरलेल्या वायूने श्वासपटल डिवचले जाते, आणि श्वासपटल व खांदा यांच्या संवेदना मानेतील त्याच मज्जामूळांकडे जात असल्यामुळे मेंदूला दुखणे खांद्याचे भासते. एक-दोन दिवसांत ते ओसरते.

अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची, शस्त्रक्रिया पुष्कळदा कमरेखालील भुलीत होते. रुग्ण लवकर घरी जातो. परंतु काही आठवडे जड ओझे उचलणे वर्ज्य असते. मावळातील शेतकऱ्याच्या बाबतीत या निर्बंधाचा अर्थ भातलावणी हातची जाणे असा होऊ शकतो. तातडी नसेल तर हंगाम पाहून दिवस ठरविणे शहाणपणाचे. मात्र गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली व उलट्या सुरू झाल्या, तर हंगाम पाहत बसणे प्राणघातक होय.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बहुधा थेंबांनी वा लहान इंजेक्शनाने डोळाच बधिर करतात. रुग्ण जागा असतो. त्यास उजेड व हलत्या आकृती दिसतात, पाण्याचा स्पर्श जाणवतो, आवाज ऐकू येतात. त्याने स्थिर पडून राहावे एवढीच अपेक्षा असते. खोकला येणार असेल तर आधी सांगावे.

पोट चिरून होणाऱ्या बाळंतपणात आई बहुधा जागी असते. ओढाताण जाणवते, बाळाचे रडणे ऐकू येते. याच भुलीविषयी एक तक्रार घरोघर ऐकू येते, ती अशी की मणक्यात सुई दिल्याने जन्मभर कंबर दुखते. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो हे खरे. परंतु दीर्घकाळची कंबरदुखी या भुलीने वाढते, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. गरोदरपणात व नंतर मुलाला उचलण्या-पाजण्यात कंबरेवर येणारा ताण हे तिचे अधिक संभाव्य कारण होय. या भुलीनंतर क्वचित उद्भवणारी खरी पीडा वेगळीच आहे : बसले वा उभे राहिले की वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी. बारीक सुयांमुळे तिचे प्रमाण आता कमी झाले आहे, आणि तिच्यावर उपायही आहेत.

८. शुद्धीवर आल्यानंतर

भूल उतरताना कापरे भरणे, मळमळणे, तोंडाला कोरड पडणे, नळीमुळे घसा एक-दोन दिवस खवखवणे, हे सर्व सामान्य होय. वृद्ध रुग्ण कधी काही तास, कधी काही दिवसही, भांबावल्यासारखे वागतात. अशा वेळी ओळखीचा माणूस जवळ असणे, चष्मा व श्रवणयंत्र परत मिळणे आणि रात्री झोप लागणे यांचा उपयोग औषधाइतकाच होतो. कमरेखालील भुलीनंतर पायांत शक्ती येण्यास काही तास लागतात. पहिल्यांदा उभे राहताना मदत घ्यावी. लघवी तुंबल्यास सांगावे.

दुखणे निमूटपणे सोसणे हा येथे गुण ठरत नाही. पोटाची जखम दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, आणि फुफ्फुसांत कफ साचून ताप येतो. दुखते म्हणून तो हालत नाही, आणि पायाच्या शिरांत रक्त गोठते. म्हणून वेदनाशामक औषध मागून घ्यावे, दीर्घ श्वास घ्यावेत, आणि परवानगी मिळताच चालू लागावे. 'पूर्ण विश्रांती' म्हणून आठवडाभर पडून राहण्याची जुनी रीत आज अहितकारक मानली जाते.

संपूर्ण भूल वा गुंगी घेतल्यावर निदान चोवीस तास वाहन चालवू नये आणि कागदपत्रांवर सह्या करू नयेत. घरी गेल्यावर ताप, जखमेतून पू वा न थांबणारा रक्तस्राव, सारख्या उलट्या, पोटरीची सूज, छातीत दुखणे वा धाप, यांपैकी काही आढळल्यास विलंब न करता परतावे. कुरवंड्यासारख्या गावच्या रुग्णास, रात्री कोठे जावयाचे व वाहन कोणाचे मिळेल, हे निघण्यापूर्वीच ठरविण्यास सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

९. भय आणि संमती

रुग्णाच्या मनात दोन भये प्रमुख असतात : आपण शुद्धीवर येणारच नाही, आणि आपण मध्येच शुद्धीवर येऊ. पहिल्याविषयी असे सांगता येते की, सुसज्ज रुग्णालयात अन्यथा निरोगी असलेल्या व्यक्तीस केवळ भुलीमुळे मृत्यू येण्याचे प्रमाण लाखात एकाच्या आसपास मानले जाते. आजार गंभीर असेल, शस्त्रक्रिया तातडीची असेल, तर धोका वाढतो. पण तो मुख्यतः आजाराचा असतो. दुसऱ्या भयाविषयी ब्रिटन व आयर्लंडमधील व्यापक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. संपूर्ण भुलीत जाग आल्याची तक्रार सुमारे १९,००० रुग्णांत एकाने केली. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असता हे प्रमाण सुमारे ८,००० त एक, आणि न दिलेले असता सुमारे १,३६,००० त एक, असे आढळले. घटना दुर्मीळ असली तरी काल्पनिक नाही. असे काही आठवत असेल तर ते स्वप्न म्हणून गिळून न टाकता भूलतज्ज्ञास सांगावे, आणि त्यानेही ते गांभीर्याने ऐकावे.

संमतिपत्रावरील स्वाक्षरी हा या सर्वांचा कायदेशीर कळस होय. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय, ती बेशुद्ध असताना, तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामास लागू पडत नाही, आणि प्रौढ व सज्ञान रुग्णाची संमती नातलगाने द्यावयाची नसते, असा निर्णय न्यायालयाने दिला. प्राण वाचविण्यासाठी तत्काळ करावी लागणारी कृती हाच त्यास अपवाद. आपल्याकडे सही नवऱ्याने, मुलाने वा वडिलांनी करण्याचा प्रघात आहे, आणि रुग्ण, विशेषतः स्त्री, बाजूस बसून असते. कुटुंबाचा सल्ला घेणे इष्टच. परंतु ऐकून, समजून, विचारून हो म्हणावयाचे ते जिच्या शरीरावर शस्त्र चालणार तिने.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा मथितार्थ असा. भूल ही झोप नसून शरीराच्या राखणदारीचे नियंत्रित व तात्पुरते हस्तांतरण आहे. हस्तांतरणात घेणाऱ्यास कौशल्य हवे, तसे देणाऱ्याने खरे सांगितले पाहिजे. आणि देणाऱ्याने खरे सांगावे यासाठी घेणाऱ्याने आधी समजावून सांगितले पाहिजे. रुग्णास माहिती देणे हे सौजन्य म्हणून शस्त्रक्रियेला जोडलेले परिशिष्ट नव्हे. ते तिच्या सुरक्षिततेचे एक साधन आहे, आणि त्यास यंत्र वा वीज लागत नाही. १९२४ च्या त्या रात्री ससूनमध्ये दिवे गेले. परंतु जे सांगावयाचे व जे मान्य करावयाचे, ते उजेड असतानाच पुरे झाले होते.